व्हायरस गेला, मग इंटरनेट का बंद पडले?

अँटिव्हायरसने तास-दोन तास चाळणी लावून काही संशयास्पद फायली काढून टाकल्या, संगणक पुन्हा सुरू झाला, पडद्यावर हिरवी खूण आली, आणि त्यानंतर ब्राउझरमध्ये एकही पान उघडेना, असा अनुभव घरी विंडोज संगणक वापरणाऱ्या पुष्कळांना कधी ना कधी येतो. व्हायरस अजून आतच दडून बसला आहे, असे अशा वेळी पहिल्यांदा वाटते. अँटिव्हायरसनेच काहीतरी बिघडवले, असे नंतर वाटते. दोन्ही शंका कधीकधी खऱ्या ठरतात. परंतु बहुतेक वेळा घडलेले असते ते असे की, व्हायरस खरोखरच गेलेला असतो, मात्र आत असताना त्याने इंटरनेटच्या वाटेत जे फेरफार करून ठेवले होते, ते जसेच्या तसे राहिलेले असतात.

शेतातल्या पाटाचे उदाहरण येथे चपखल बसते. कुणी रात्रीतून पाट फोडून पाणी आपल्या चारीत वळवले आणि तेथून फिरवून पुन्हा आपल्याच वाफ्यांकडे सोडले, तर वाफे भिजत राहतात आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. पुढे चोरी उघडकीला येते आणि त्याची चारी बुजवली जाते. पाटाचे फुटलेले तोंड मात्र कुणी बांधत नाही. आता वरून कितीही पाणी सोडले तरी वाफा कोरडाच राहतो. अँटिव्हायरस चारी बुजवतो. तोंड बांधण्याचे काम तो बहुधा करत नाही, कारण त्याचा मुख्य रोख फायलींवर असतो. शिवाय एखादी मांडणी, म्हणजे सेटिंग, व्हायरसने बदलली की घरमालकाने कार्यालयाच्या कामासाठी स्वतः बदलली, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी अँटिव्हायरसची नोंदवही, म्हणजे त्यातील हिस्ट्री किंवा क्वारंटाइन हा भाग, उघडून काय काय काढले गेले ते कागदावर उतरवून घ्यावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचा अर्धा तपास त्यात असतो. काढलेल्या वस्तूच्या नावात ‘प्रॉक्सी’ किंवा ‘डीएनएस’ असा शब्द असेल, किंवा ती विंडोजच्या ‘ड्रायव्हर्स’ या फोल्डरमधून निघाली असेल, तर बिघाड कोणत्या बाजूला शोधायचा हे तेथेच कळते. ही यादी पुसून टाकण्याची घाई करू नये.

त्यानंतर लाइन तपासावी. त्याच वायफायवर घरातील मोबाइल जोडून एखादे संकेतस्थळ उघडावे, मात्र त्याआधी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा. ही साधी गोष्ट हमखास विसरली जाते. वायफाय मेलेले असते, मोबाइल गुपचूप स्वतःच्या डेटावर चालत असतो आणि लाइन ठीक आहे असा निष्कर्ष निघून सगळा तपास चुकीच्या दिशेला जातो. मोबाइलवरही काही उघडत नसेल तर दोष राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे, संगणकात नाही.

मोबाइल चालतो पण संगणक चालत नाही, असे दिसल्यास आणखी एक चाचणी घ्यावी, जी माझ्या मते सर्वांत उपयोगी असूनही फार थोडे लोक घेतात. संगणकाचे वायफाय बंद करून मोबाइल यूएसबी केबलने जोडावा आणि त्यात यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे. संगणकाला ही एक पूर्णपणे नवी वाट मिळते. या वाटेने इंटरनेट चालले तर बिघाड जुन्या वायफाय किंवा केबल जोडणीच्या स्वतःच्या मांडणीत आहे, आणि ती मांडणी बहुधा डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची, असते, कारण विंडोजमध्ये डीएनएसचा पत्ता प्रत्येक जोडणीसाठी वेगळा ठेवला जातो. या नव्या वाटेनेही काही उघडले नाही, तर बिघाड सर्व जोडण्यांना समाईक असलेल्या ठिकाणी आहे: प्रॉक्सी, होस्ट्स फाइल, विन्सॉक किंवा विंडोजच्या सेवा. या चौघांची ओळख पुढे येईल.

आता दोन आज्ञांची ओळख करून घेऊ. स्टार्ट मेनूमध्ये सी-एम-डी ही तीन अक्षरे टंकली की कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडते. या लेखातील सर्व आज्ञा प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकायच्या आहेत. पहिली आज्ञा ‘आयपीकॉन्फिग’, म्हणजे आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी. तिच्या उत्तरात ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ या ओळीसमोर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर संगणकाला राउटरकडून घरचा पत्ता मिळालेला आहे, असे बहुतेक घरांत समजता येते. तेथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल, तर राउटरकडून काहीच उत्तर न आल्याने विंडोजने नाइलाजाने स्वतःच स्वतःला पत्ता देऊन ठेवला आहे. या दुसऱ्या परिस्थितीत ब्राउझरमध्ये काहीही खटपट करून उपयोग नाही.

दुसरी आज्ञा ‘पिंग’, म्हणजे समोरच्याला हाक मारून तो ओ देतो का हे पाहणे. आधी ‘पिंग ८.८.८.८’ असे टंकावे. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सेवेचा पत्ता आहे आणि तो बहुधा ओ देतो. नंतर ‘पिंग’ या शब्दापुढे जागा सोडून एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचे नाव टंकावे. आकड्याला उत्तर आले आणि नावाला आले नाही, तर रस्ता शाबूत आहे पण नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे. दोन्हींना उत्तर आले आणि तरीही ब्राउझर हटून बसला, तर संशय सर्वप्रथम प्रॉक्सीवर घ्यावा, कारण पिंग प्रॉक्सीच्या वाटेने जातच नाही. दोन्हींना उत्तर आले नाही, तर बिघाड अधिक खोल आहे. या तीन निष्कर्षांपैकी आपला कोणता, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. सापडेल ते बटण दाबत सुटल्याने मूळ दोष कधीकधी निघतोही, परंतु त्यासोबत दोन नवे दोष तयार होतात आणि मग नेमके काय कशामुळे झाले हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रॉक्सीवर थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण घरगुती संगणकांत मला सर्वाधिक वेळा हाच दोष सापडला आहे. प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ: ब्राउझर आपली मागणी थेट संकेतस्थळाकडे न पाठवता मध्यस्थाकडे देतो आणि उत्तरही त्याच्याकडूनच घेतो. जाहिराती घुसवणारे किंवा पासवर्ड टिपणारे उपद्रवी प्रोग्राम स्वतःलाच असा मध्यस्थ म्हणून नेमून घेतात. त्यासाठी विंडोजच्या प्रॉक्सी मांडणीत ते १२७.०.०.१ हा पत्ता आणि सोबत एखादा पोर्ट क्रमांक, म्हणजे त्या पत्त्यावरील एका दाराचा क्रमांक, भरतात. हा पत्ता म्हणजे प्रत्येक संगणकाचे स्वतःकडे बोट दाखवणे होय. व्हायरस जिवंत असेपर्यंत त्या पोर्टवर तो बसलेला असतो आणि इंटरनेट, थोडे मंद का होईना, चालत राहते. अँटिव्हायरसने त्याला उचलून बाहेर काढल्यावर मध्यस्थाची खुर्ची रिकामी होते, तरीही ब्राउझर प्रत्येक मागणी त्याच रिकाम्या खुर्चीपुढे नेऊन ठेवतो. पडद्यावर अशा वेळी बहुधा प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश असतो, पण तो कुणी पूर्ण वाचत नाही. माझ्या एका नातेवाइकांच्या घरी इंटरनेट पुरवणाऱ्याचा माणूस दोनदा येऊन राउटर बदलून गेला होता. दोष मात्र सेटिंग्जमधील एका बटणाचा होता.

विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, त्यात नेटवर्क अँड इंटरनेट आणि त्यात प्रॉक्सी या पानावर जावे. हाताने भरलेल्या प्रॉक्सीचे बटण चालू असेल तर ते बंद करावे. ‘सेटअप स्क्रिप्ट’ या नावाचे बटणही पाहावे, कारण तेथे एखाद्या अनोळखी ठिकाणचा पत्ता भरून तोच उद्योग अधिक गुपचूप करता येतो. तेही बंद करावे. मांडणी आपोआप ओळखण्याचा पर्याय चालू राहिला तरी चालतो. मात्र संगणक कार्यालयाने दिलेला असेल, तर तेथील प्रॉक्सी ही कार्यालयाचीच व्यवस्था असू शकते आणि तिला हात लावण्यापूर्वी तेथील संगणक विभागाला विचारणे आवश्यक आहे. क्रोम आणि एज हे ब्राउझर विंडोजचीच प्रॉक्सी वापरतात. फायरफॉक्सची स्वतःची वेगळी मांडणी असू शकते, म्हणून ती त्याच्या सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे पाहावी. विंडोजची प्रॉक्सी मांडणी सहसा प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळी असते, त्यामुळे वडिलांच्या खात्यातून इंटरनेट चालते आणि मुलीच्या खात्यातून चालत नाही, असा चमत्कारिक प्रकार दिसला तर तो प्रॉक्सीकडेच बोट दाखवतो.

डीएनएस ही इंटरनेटची नाव-पत्त्यांची वही आहे. आपण संकेतस्थळाचे नाव टंकतो, आणि त्या नावाचा आकडी पत्ता ज्या सर्व्हरकडून मिळतो त्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. ही वहीच बदलून टाकली तर बँकेचे नाव टंकणारा माणूस भलत्याच दारात नेऊन सोडता येतो. ‘डीएनएसचेंजर’ या व्हायरसने नेमके हेच केले. एस्टोनियातून चालणाऱ्या एका टोळीने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांच्या डीएनएस मांडण्या स्वतःच्या सर्व्हरकडे वळवल्या होत्या आणि त्यातून खोट्या जाहिरातींचा धंदा मांडला होता. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघडकीला आणली आणि सहा जणांना एस्टोनियात अटक झाली. त्या वेळी तपास यंत्रणांपुढे मोठा पेच उभा राहिला: टोळीचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर त्या लाखो लोकांचे इंटरनेट एका क्षणात बंद पडले असते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी काही काळ चांगले सर्व्हर बसवण्यात आले आणि ते ‘इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम’ या संस्थेने चालवले. मार्च २०१२ ची मुदत वाढवून अखेर ९ जुलै २०१२ रोजी ते बंद झाले, तेव्हाही जगात लाखाहून अधिक संगणक त्यांच्यावरच अवलंबून होते. घरातील एका संगणकाबाबत अँटिव्हायरस चालवल्यावर जे घडते, तेच येथे जगाच्या पातळीवर घडले. फरक इतकाच की घरात मुदत मिळत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल असे टंकल्यास सर्व जोडण्यांची खिडकी येते. आपल्या जोडणीवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज आणि त्यात ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्शन ४’ उघडावे. डीएनएसचा पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडावा आणि हीच तपासणी व्हर्शन ६ साठीही करावी. तेथे आधीपासून एखादा पत्ता भरलेला असेल तर पुसण्यापूर्वी तो लिहून ठेवावा. घरातल्याच कुणी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे परिचित पत्ते भरले असतील तर ते निरुपद्रवी आहेत. शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ आणि एक जागा सोडून तिरपी रेघ (/) व ‘फ्लशडीएनएस’ (flushdns) ही आज्ञा द्यावी, म्हणजे संगणकाने लक्षात ठेवलेले जुने, चुकीचे पत्ते पुसले जातात. येथे राउटरलाही विसरू नये. डीएनएसचेंजरचे काही प्रकार राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड वापरून त्याच्याही मांडण्या बदलत असत, आणि अशा घरात संगणक कितीही वेळा साफ केला तरी विष विहिरीतच राहते. राउटरच्या पानावर डीएनएसचे पत्ते तपासून त्याचा पासवर्ड बदलणे, किंवा मागील छोटे छिद्र दाबून तो मूळ स्थितीत आणणे, हाच त्यावर उपाय आहे. मूळ स्थितीत आणण्यापूर्वी इंटरनेट पुरवणाऱ्याने दिलेले वापरकर्ता नाव आणि पासवर्ड हाताशी आहेत याची खात्री करावी, नाहीतर उपायच रोग होऊन बसतो.

सर्व संकेतस्थळे चालतात, पण अँटिव्हायरस कंपन्यांची पाने तेवढी उघडत नाहीत, अशी तक्रार असेल तर होस्ट्स ही फाइल पाहावी. डीएनएसला विचारण्यापूर्वी विंडोज या छोट्या मजकूर फाइलमध्ये डोकावतो आणि तेथे उत्तर मिळाले तर पुढे विचारत नाही. ती सी ड्राइव्हमधील विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स आणि ई-टी-सी या एकात एक असलेल्या फोल्डरांत असते. नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडून त्यातून ही फाइल उघडावी, अन्यथा बदल जतन होत नाहीत. # या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी केवळ टिपा असतात. सध्याच्या विंडोजमध्ये मूळ फाइलीत टिपांशिवाय काहीही नसते. व्हायरसने घुसवलेल्या ओळी कधीकधी शेकडो रिकाम्या ओळींच्या खाली लपवलेल्या असतात, म्हणून फाइल तळापर्यंत पाहावी. काही सुरक्षा प्रोग्राम वाईट संकेतस्थळे अडवण्यासाठी स्वतःच येथे हजारो ओळी भरतात, त्यामुळे लांबलचक यादी दिसली म्हणून लगेच घाबरण्याचे कारण नाही.

पिंगच्या दोन्ही हाकांना उत्तर नसेल, तर विन्सॉकपर्यंत जावे लागते. विन्सॉक म्हणजे विंडोजमधील प्रोग्राम आणि नेटवर्क यांच्यातील दुवा. या दुव्यात एकामागून एक कड्या जोडण्याची सोय १९९० च्या दशकापासून होती आणि प्रत्येक माहिती त्या सगळ्या कड्यांतून जात असे. जाहिराती दाखवणाऱ्या प्रोग्रामांनी याच साखळीत आपली कडी अडकवली. तिची फाइल नुसती उडवली की मधली कडी तुटायची आणि संपूर्ण संगणकाचे इंटरनेट बंद पडायचे. विंडोज एक्सपीच्या काळात व्हायरस काढल्यावर इंटरनेट जाण्याचे हे ठरलेले कारण होते. २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकसोबत मायक्रोसॉफ्टने ही साखळी मूळ स्थितीत आणणारी आज्ञा दिली आणि ती आजही चालते. कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडून एन-ई-टी-एस-एच, जागा, डब्ल्यू-आय-एन-एस-ओ-सी-के, जागा, आर-ई-एस-ई-टी असे टंकावे. त्यापाठोपाठ पहिल्या शब्दानंतर आय-एन-टी, आय-पी आणि आर-ई-एस-ई-टी हे शब्द टंकून दुसरी आज्ञा द्यावी, जी आयपीची मांडणी पूर्ववत करते. दोन्हींनंतर संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय परिणाम दिसत नाही.

तेवढ्याने भागले नाही, तर विंडोजच्या सेवा, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारे त्याचे प्रोग्राम, पाहाव्यात. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ असे शोधल्यास येणाऱ्या यादीत डीएचसीपी क्लायंट, डीएनएस क्लायंट, बेस फिल्टरिंग इंजिन आणि वायफाय असल्यास डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग या सेवा चालू असल्या पाहिजेत. ‘झीरोअ‍ॅक्सेस’ नावाचा रूटकिट, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर लपून बसणारा व्हायरस, विंडोजची फायरवॉल, म्हणजे नको ती वाहतूक अडवणारी भिंत, आणि बेस फिल्टरिंग इंजिन निकामी करत असे आणि विंडोजच्या खऱ्या ड्रायव्हर फायलींमध्ये स्वतःला मिसळत असे. तेथे अँटिव्हायरसने बाधित फाइल उचलली की तिच्यासोबत नेटवर्कचा एक खांबही निघून जायचा. अशा वेळी प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एफ-सी, जागा, तिरपी रेघ (/) आणि लगेच ‘स्कॅननाऊ’ (scannow) ही आज्ञा दिल्यास विंडोज आपल्या मूळ फायली तपासून खराब झालेल्या बदलतो. यादीतून एखादी सेवाच नाहीशी झाली असेल, तर घरगुती खटपट थांबवून विंडोज नव्याने बसवण्याची तयारी करणे शहाणपणाचे आहे.

कधीकधी दोष अँटिव्हायरसचाही असतो. नवा अँटिव्हायरस बसवताना जुना घाईने काढला, तर जुन्याची फायरवॉल अर्धवट मागे राहते आणि सगळी वाहतूक अडवते. बहुतेक कंपन्या आपला प्रोग्राम समूळ काढण्यासाठी वेगळे साधन देतात. ते दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावे. संगणकाची तारीखही पाहून घ्यावी. ती दोन वर्षे मागे गेली असेल तर संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे चुकीची ठरतात आणि प्रत्येक पानावर इशारा येतो. हा दोष बहुधा मदरबोर्डवरील जुन्या बॅटरीचा असतो.

विंडोज १० मध्ये २०१६ पासून आणि विंडोज ११ मध्येही ‘नेटवर्क रीसेट’ हे बटण आहे. ते सर्व नेटवर्क जोडण्या काढून नव्याने बसवते. वायफायचे पासवर्ड त्यानंतर पुन्हा भरावे लागतात. होस्ट्स फाइल मात्र या बटणाच्या कक्षेत येत नाही आणि प्रॉक्सी स्वतंत्रपणे तपासावीच लागते, म्हणून हे बटण पहिला उपाय म्हणून दाबणाऱ्यांची अनेकदा निराशा होते.

इंटरनेट परत आल्यावर संगणक दोनदा बंद-चालू करून प्रॉक्सी आणि डीएनएस पुन्हा पाहावेत. बंद केलेली प्रॉक्सी आपोआप चालू झालेली दिसली, तर ती चालू करणारा कुणीतरी अजून आत आहे. अशा वेळी विंडोज सिक्युरिटीमधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवावी. तीत संगणक विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच तपासला जातो, त्यामुळे एरवी लपून बसणाऱ्याला आडोसा मिळत नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही व्हायरस काढण्याची मोफत साधने मिळतात. त्यानंतरही प्रॉक्सी परत येत राहिली, तर महत्त्वाची कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेर काढून विंडोज नव्याने बसवावे.

पासवर्ड बदलण्याचे काम मात्र साफ असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या उपकरणावरून करावे, कारण मध्यस्थ बसलेला होता तोवर जे काही टंकले गेले ते त्याने पाहिले असण्याची शक्यता आहे. सुरुवात ईमेलपासून करावी, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तेथेच येतात, आणि त्यानंतर लगेच बँकेकडे वळावे. खात्यातून अनोळखी रक्कम गेलेली दिसल्यास बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.